बॉनेटवर हात ठेवून

१९९३ च्या गुढीपाडव्याला आमच्या दारात पहिली मोटार आली. दुधी रंगाची प्रीमियर पद्मिनी, नऊ वर्षं वापरलेली, स्टेअरिंगच्या दांडीलाच गिअर असलेली. पाटीवरचा क्रमांक एमएच-२२ सुरू होण्याच्या आधीचा. गंगाखेडात तिला पद्मिनी कुणीच म्हटलं नाही, सगळ्यांच्या तोंडी ती फियाटच. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि आम्ही आधी गोदाकाठी जनाबाईच्या मंदिराकडे निघालो. मी चालवत होतो, माझे वडील अण्णा शेजारी बसले होते. मी सव्वीस वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकता लागलेला. वाऱ्याने उडालेलं कुंकू काचेवर येऊन बसत होतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर लेकीने जुनी गाडी घ्यायचं काढलं. ती परळीला बँकेत आहे. रेल्वेने जाणं-येणं होतं, पण गाडीची वेळ आणि बँकेची वेळ जुळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा नवीच घ्यावी का, असंही तिच्या मनात होतं. पण हिशेब करून ती जुनीवर ठाम झाली. रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, गाडी कुठून घ्यायची?"

माझा घास तिथेच थांबला. आमच्या घरात जुनी वस्तू घ्यायची ठरली की पहिला प्रश्न असायचा, "कुणाची?" घर असो, शिलाई मशीन असो, गाय असो. ‘कुठून’ हा प्रश्न त्या उत्तरातच मिटलेला असे.

अण्णांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, त्यांना बैल कळत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला ते दरवर्षी जात. तिथे लाल कंधारी, देवणी अशी जनावरं उतरत. बैलाचे दात बघून वय सांगायचं, खांद्यावर हात फिरवून जुवाचा घट्टा बघायचा, चार पावलं चालवून मागचा पाय नीट पडतो का ते बघायचं, हे सगळं ते करत. मग दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव करी. पण भाव पटला तरी अण्णा तिथल्या तिथे जनावर सोडून आणत नसत. मालकाचं गाव विचारत आणि दोन दिवसांनी त्याच्या गोठ्यावर जात. "जत्रेतला बैल नटलेला असतो. दावणीला बघितला की खरा कळतो," असं त्यांचं म्हणणं. गोठा झाडलेला आहे का, गव्हाणीत काय पडलंय, मालक जवळ गेला की बैल अंग चोरतो की मान पुढे करतो, एवढं बघून ते इसार देत.

गाडीच्या बाबतीत त्यांनी हाच कायदा लावला, आणि त्यामुळे चार महिने गेले.

त्या काळी गाडी मिळवणं किती अवघड होतं, ते आज सांगून खरं वाटत नाही. फियाट आणि अॅम्बेसेडरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावलेले होते. बजाजच्या स्कूटरची तीच गत, हातात येताच जुनी स्कूटर नवीच्या किमतीपेक्षा वर जात असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि शहरातलं चित्र पालटलं. मोटार उद्योगावरचा परवाना सुटला तो मात्र १९९३ लाच. आमच्यासारख्या कापसावर वर्ष काढणाऱ्या घराला नवी मारुती आवाक्याबाहेर होती. जुनी फियाट आवाक्यात होती. शिवाय ती मुंबईत कुर्ल्याला बनायची आणि ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, याचं अण्णांना अप्रूप होतं. १९४४ सालात आपल्याकडच्या माणसाने मोटारीचा कारखाना काढायचं मनावर घ्यावं, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत.

गाडीसाठी जायचं कुठं, याबद्दल गावात प्रत्येकाचं मत होतं. मुंबईची गाडी स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेने तिचा पत्रा खालून खाल्लेला असतो. हैदराबादची गाडी आपल्या मराठवाड्याला जवळची, जुना राबता तिथला, पण कागद दुसऱ्या राज्याचे. एनओसी आणा, इथला टॅक्स पुन्हा भरा. पुण्याची गाडी चांगली, पण तिथं आपलं कोण आहे? नांदेडला मात्र ट्रकवाल्यांमुळे मिस्त्री, सुटे भाग, गाड्यांचे दलाल, सगळं हाताशी. म्हणून पहिली फेरी नांदेडची झाली.

बरोबर स्टेशन रोडचे मेस्त्री होते. तेव्हा चाळिशीचे, हातावर कायम काळं वंगण, बोलणं कमी. एका ठिकाणी लाल रंगाची फियाट उभी होती, आरशासारखी चकचकीत. सीटकव्हर नवं, टायर नवे. मला ती इतकी आवडली की मी मनातल्या मनात ती घरी नेलीही होती. मेस्त्रींनी रंगाकडे पाहिलंच नाही. दार उघडलं, वरच्या कडेचं रबर नखाने उचललं आणि मला जवळ बोलावलं. रबराखाली पिवळा रंग होता. टपाचा पिवळा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी रंगवून खासगी म्हणून उभी केली होती. किती लाख किलोमीटर पळाली असेल, देव जाणे. मेस्त्री विकणाऱ्याला काहीही बोलले नाहीत. रबर जागच्या जागी दाबून बसवलं, हात पुसले आणि म्हणाले, "चला अण्णा, पाच वाजताची एसटी मिळंल."

मग परभणीच्या एका डॉक्टरांचं नाव निघालं. माझ्या मामांच्या शेजाऱ्यांचे ते घरचे डॉक्टर. त्या काळी ‘डॉक्टरची गाडी’ या दोन शब्दांना बाजारात वजन होतं. डॉक्टर गाडी स्वतः चालवतो, रात्री-अपरात्री लागते म्हणून ती कायम दुरुस्त ठेवतो, आणि मुख्य म्हणजे त्याला त्याच गावात पुढे वीस वर्षं दवाखाना चालवायचा असतो. फसवून तो जाईल कुठं?

मेस्त्रींनी आदल्या दिवशीच निरोप धाडला, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पहाटेच्या गाडीने आम्ही परभणीला पोचलो. डॉक्टरांच्या अंगणात मेस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बॉनेटवर तळहात टेकवून डोळे मिटले. इंजिन गार आहे याची खात्री. गरम इंजिन सगळं लपवतं, ते मला म्हणाले, खरं काय ते गाडी पहिल्या मिनिटात बोलते. मग चोक ओढून चालू केली. सायलेन्सरमागे उकिडवे बसून धूर बघितला. निळा असला तर ऑइल जळतंय, काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा येत राहिला तर पाणी आत शिरतंय. ऑइलचं झाकण उघडून आतून दुधासारखा फेस धरला आहे का ते पाहिलं. चेसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, अंक कागदावर उमटवून घेतले आणि आरसी बुकाशी एकेक करून ताडले. या सगळ्याला दीड तास लागला. डॉक्टर तोवर पायरीवर बसून होते.

नंतर ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. नऊ वर्षांतलं प्रत्येक ऑइल बदललेलं, प्रत्येक टायर, बॅटरी, सगळं तारखेनिशी. आणि आम्ही काही विचारायच्या आत स्वतःहून सांगितलं, "अण्णा, चढावर तापते. दुसऱ्या गिअरला थोडी अडते, ती तुम्ही सांभाळून घ्या. बाकी तिनं मला कधी रस्त्यात सोडलं नाही." अण्णांनी एकशे एक रुपये आणि नारळ त्यांच्या हातावर ठेवला. उरलेले पैसे कापसाचं चुकतं झाल्यावर, पाडव्याच्या आधी. शंभराच्या बॉण्डवर लिहून घ्यावं असं मी सुचवलं, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. फॉर्मवर सह्या मात्र डॉक्टरांनी त्याच दिवशी करून दिल्या.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या आत जमीन हलली. गंगाखेडला आम्ही सगळे अंगणात आलो. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर परभणीहून रेल्वेने आले, बरोबर औषधांची दोन खोकी. दारातूनच म्हणाले, "अण्णा, गाडी लागंल." आईने शेजारपाजारच्या घरांतून भाकऱ्या गोळा केल्या, मागच्या सीटवर चादरी आणि घोंगड्या रचल्या. अहमदपूर, लातूर करत आम्ही निघालो. वाटेत एका चढाला गाडी तापली. मी घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझा हात धरला. "पंधरा मिनिटं थांबायचं. ती आपोआप गार होते. आत्ता उघडलंस तर तोंड भाजंल." विकलेल्या गाडीच्या कडेला ते बसून राहिले, अगदी स्वतःच्या गाडीपाशी बसावं तसे. पुढे जे पाहिलं त्याबद्दल मी फारसं बोलत नाही. आठ दिवस ती फियाट लातूर ते किल्लारी अशा फेऱ्या करत होती आणि डॉक्टर तिच्या बॉनेटवर पट्ट्या-कापूस मांडून जखमा बांधत होते.

ही आठवण मी लेकीला अनेकदा सांगितली आहे. यंदा पुन्हा सांगितली, तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "बाबा, तुमच्या मामांच्या शेजाऱ्यांची डॉक्टरांशी ओळख होती. ज्यांची नव्हती, त्यांनी काय करायचं?"

तिला कुणाची आठवण झाली होती, ते मला कळलं. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब, नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जाणारे. १९९८ साली आठ हंगामांची बचत घालून त्यांनी प्रवासी वाहतुकीसाठी जुनी जीप घेतली. ओळखीपाळखीत कुणाकडेच गाडी नव्हती, म्हणून बाजारातून घेतली. शंभराचा बॉण्ड, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं रीतसर. सहा महिन्यांनी फायनान्सवाले आले आणि जीप ओढून नेली. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलंच नव्हतं, आणि त्यांना दाखवलेल्या आरसी बुकावर बोजाची नोंद नव्हती, कारण ते बुकच खोटं होतं. विकणारा गाव सोडून गेलेला. ती माउली महिनाभर आमच्या ओट्यावर येऊन बसायची, अण्णांना कागद दाखवायची. अण्णांना कागद वाचता येत होता, पण करता काहीच आलं नाही. आमचा विश्वासाचा रस्ता ओळखीच्या दारांवरून जात होता. ती दारं ज्यांना बंद होती, त्यांना ‘कुणाची’ हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. हे मी त्या वयात पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लेकीने लावून दिला.

आज तीच जीप असती तर गल्लीतल्या कुणाही पोराने पाटीवरचा क्रमांक मोबाइलमध्ये घातला असता. वाहन नोंदणीच्या सरकारी अॅपवर गाडी कितव्या मालकाकडे आहे, बोजा आहे का, विमा कधी संपतो, पंधरा वर्षांची नोंदणी कधी संपते, दंडाची किती चलनं थकली आहेत, हे सगळं जागच्या जागी दिसतं. त्यासाठी ना मामा लागतात, ना मामांचे शेजारी. मला हे फार मोठं वाटतं. त्या माउलीच्या आठ हंगामांचं मोल मला माहीत आहे, म्हणून वाटतं.

विकणाऱ्यांची दुकानंही बदलली. २००१ मध्ये मारुतीने ट्रू व्हॅल्यू सुरू केलं, मग इतर कंपन्या आल्या, मग नुसत्या मोबाइलवरून गाड्या विकणारे आले. दीडदोनशे ठिकाणी तपासल्याचा अहवाल, रंगाचा थर मोजणारं यंत्र, काही दिवसांत परत करायची मुभा, वर्षभराची हमी. नांदेडला मेस्त्रींनी नखाने उचललेल्या रबराचं काम आज ते यंत्र करतं. एप्रिल २०२३ पासून तर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि त्याच्या ताब्यात आलेली गाडी नोंदवावी लागते. पूर्वी दलाल सह्या केलेले कोरे फॉर्म खिशात घेऊन फिरत, गाडी चार हातांतून जाई आणि नाव पहिल्याचंच राही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीवर ज्याचं नाव आहे त्याची. हे माझ्या वयाच्या किती जणांना माहीत आहे? जुनी स्कूटर दहा वर्षांपूर्वी कुणाला तरी देऊन टाकलेली आणि नाव अजून आपलंच, अशी माणसं आमच्या शिक्षकांच्या खोलीतच मी चार मोजली. ज्यांनी दिली असेल त्यांनी आजच बघून घ्यावं.

तरी फसवणूक संपलेली नाही, तिची जागा बदलली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. स्वस्त दिसतात, पण एनओसी, पुन्हा नोंदणी आणि इथला कर मिळवला की हिशेब बदलतो. आणि पुराच्या गाड्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. आम्ही गोदेच्या काठची माणसं, २००६ च्या ऑगस्टात पाणी कुठवर चढलं होतं ते आम्ही भिंतीवर दाखवू शकतो. गाळाचा वास आम्हाला कुठल्याही अत्तराखालून ओळखू येतो. मी लेकीला तेवढं एक शिकवलं: सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा आणि टोकाकडे नाक न्यायचं. तिथपर्यंत कुणी धूत नाही.

तिने महिनाभर शोध घेतला. पुण्याच्या गाड्या पाहिल्या, छत्रपती संभाजीनगरच्या पाहिल्या, हैदराबादच्याही पाहिल्या. तिकडची पाटी आमच्या देखत एपीची टीएस आणि टीएसची टीजी झाली. शेवटी लातूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची २०१८ ची वॅगन-आर तिला पटली. मोबाइलवरच सापडली. पहिलाच मालक, बोजा नाही, चलन नाही. पाटी एमएच-२४ चीच राहणार, फक्त लातूरची एनओसी आणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव परभणीला चढवायचं. तिने पैसे देऊन एका तंत्रज्ञाकडून अहवालही मागवला. तो चौदा पानांचा होता.

"मेस्त्रीकाकांना नेऊया का?" हे तिनेच सुचवलं.

मेस्त्रींनी सात वर्षांपूर्वी गॅरेज बंद केलं. संगणकाच्या गाड्या आल्या, हाताने ऐकायचं काम उरलं नाही. एका डोळ्याला कमी दिसतं. आम्ही गेलो तेव्हा ते मळ्याची चप्पल काढून इस्त्रीचा सदरा घालून निघाले. लेक त्यांना वाटेत अहवाल वाचून दाखवत होती. इंजिन, क्लच, सस्पेन्शन, एकेक ओळ. ते लक्ष देऊन ऐकत होते. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल या गाडीला चालेल का, हे अहवालात नव्हतं. ते म्हणाले, "नळ्या अन् रबरं बघावं लागंल बाई. ते मी बघतो."

लातूरला पोचलो तर मुख्याध्यापक दारात उभे आणि गाडी चालू. पाहुण्यांचा वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी अर्धा तास आधीच चालू करून ठेवली होती. फिरवूनही आणली होती, पेट्रोल भरून. मेस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला.

"गरम आहे."

"तापत नाही हो ती," मुख्याध्यापक गडबडले.

"तसं नव्हं, गुरुजी. गार झाल्याबिगर मला बघता येत नाही. आम्ही बसतो."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. मी काही बोललो नाही. गुरुजींनी चावी काढली, गाडी सावलीत लोटली, आणि आम्ही आत जाऊन बसलो. चहा झाला. मग जेवायलाच थांबा म्हणाले. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, कारळाची चटणी. ताटावर बसल्या बसल्या गुरुजींच्या बाईंनी सांगितलं की २०१८ ला गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशातून ही गाडी घेतली, तुळजापूरला पहिली नेली. बाईंचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा दोन वर्षं आठवड्यातून दोनदा हीच दवाखान्यात न्यायची आणि आणायची. आता मुलगा दोघांना पुण्याला नेतोय, तिथं गाडी ठेवायला जागा नाही. गुरुजींनी डाव्या मागच्या दाराला खांबाचा ओरखडा कसा लागला ते सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यातून यायला रात्र झाली होती. पावसात वायपरचा आवाज येतो, तेही सांगितलं. चौदा पानांत वायपर ठीक होता.

लेकीने मध्येच पर्स उघडून मोबाइल काढला आणि पुन्हा आत ठेवला. मग उठून बाईंच्या हातातली पाण्याची कळशी घेतली.

चार वाजता मेस्त्री उठले, अंगणात गेले. पारिजातकाच्या सावलीत गाडी उभी होती. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले, तसाच थोडा वेळ ठेवला. आम्ही सगळे पायरीवर उभे होतो.

"हं," ते म्हणाले. "आता लाव बाई चावी."